पलंगाखालचा गुंड्या आणि जागृतीताईंची पाठ

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या सोसायटीचे चेअरमन माननीय धर्मराजजी, व्यासपीठावरील सत्कारमूर्ती जागृतीताई, आणि कोपरखैरण्याच्या या उकाड्यात वेळ काढून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम, नमस्कार. आधी एक विनंती. टाळ्या वाजवू नका. माझ्या हातात हा पट्टा आहे, आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, माझ्या मागे, आमचा कुत्रा गुंड्या बसलाय.

ताई सारसोळ्याच्या. पंचवीस वर्षं कुत्री शिकवून आता थांबतायत. का थांबतायत? गुडघे दुखतात म्हणे. मला अजून खात्री नाही. काय करणार, जकात नाक्यावर जन्म गेला माझा. ताडपत्र्या उचलून ट्रक तपासायचे. ड्रायव्हर फारच सरळ वाटला की मी दोनदा तपासायचो.

मागच्या वर्षी माझी पत्नी भिमाबाई गेली. तिचा हा गुंड्या पलंगाखाली शिरला, तो बाहेर येईना. चिरंजीव आकाश म्हणाला, "महिनाभर बघू, नाहीतर कर्जतला कुणाच्या तरी फार्महाऊसवर देऊन टाकू." तिचं नाव घेतलं की कान टवकारणारं घरात तेवढंच एक उरलं होतं.

मग मुलगी अक्षता या ताईंना घेऊन आली. आणि ताई करायच्या काय? तर पलंगाकडे पाठ करून फरशीवर बसायच्या. ना हाक, ना बिस्कीट. तास संपला की चालल्या घरी. विचारलं तर म्हणाल्या, "त्याला वाटंल तवा तो येल. आपन बोलवायचं नाय." हे कसलं ट्रेनिंग? म्हटलं, बाई सरळ सरळ बनवतेय आपल्याला. एके दिवशी कपाटावर मोबाईल लपवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाहेर जाऊन बसलो.

अध्यक्ष महोदय, पुरावा सापडला. चाळीस मिनिटांत गुंड्याचं नाक अकरा वेळा पलंगाबाहेर आलं आणि अकरा वेळा आत गेलं. कारण अकरा वेळा मी आत आलो होतो. वाकून, चादर उचलून, ट्रक तपासावा तसा. हासुद्धा गेला तर नाही ना, एवढंच बघत होतो हो मी.

मोबाईल ताईंच्या हातात दिला. म्हटलं, आधी का नाही सांगितलंत? तर म्हणाल्या, "काका, तुमी आयकलं असतं का? कुत्रा बरा हाय. आता तुमी बसा."

बसलो. पाठ करून, रोज. नवव्या दिवशी माझ्या बोटांना ओलं नाक लागलं. रडलो मी, पण मागे वळलो नाही. आकाशनं पुन्हा कर्जतचं नाव काढलं नाही.

आता ताई मघापासून मला खुणावतायत, पट्टा सोडा म्हणून. एवढी माणसं, त्यात हॉलचं दार उघडं. ते कुणी उघडं ठेवलं, याची चौकशी मी नंतर करणारच आहे.

तर... सोडला.

ताई, तुमच्यावर संशय घेतला, त्याची भर सभेत माफी मागतो. आयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर म्हाताऱ्याचं म्हणून सोडून द्या. आणि गुंड्या मागे बसलाय की गेला, ते कृपा करून कुणी मला सांगू नका. मी वळून बघणार नाही.