कुंपणापलीकडचा सलाम

हॅलो? … हॅलो, एल्वियाताई? … काय? थांब, डोक्यावरून विमान जातंय… हां, गेलं. बोल.

नाही, विमानतळावर नाहीये मी. … बाहेर. पेन्योनमध्ये. … हो, तेच, पपा तरुणपणी माइकवर असायचे म्हणतात ते पेन्योन. विमानतळाच्या कुंपणाला लागूनच आहे गं. तिहुआनाचं विमान दुपारीच उतरलं, तुमच्याकडचं सुटतं संध्याकाळी. तोवर तिथे बसून काय माशा मारू? कॉफीचे पण असे पैसे घेतात, दरोडेखोर कुठले. … नाही चुकणार विमान. ताई, तुझी पोरगी पंधराची झाली, आणि मला अजून पाचचीच समज तू.

पपा बोलले का? … आजही नाही? तीन आठवडे… आणि उद्या इत्सेलच्या पंधराव्या वाढदिवसाला नाचणार का? … मानेनेच नाही म्हणाले. म्हणजे पोरीने पहिला नाच आजोबांशिवाय करायचा. कोणामुळे, सांग? … तुझ्या नवऱ्यामुळे. नाही, गप्प नाही बसणार. सगळ्या पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाला म्हणाले ना दाजी, 'सासरेबुवा, कसला माइक नि कसलं काय, तुम्ही तिथे स्पीकर उचलणारे हमाल होतात'? … गंमत? ज्याची केली त्याला विचार किती गंमत वाटली.

म्हणून तर आले. मलाच बघायचं होतं, खरं किती नि थापा किती. … हो, पपांच्या गोष्टींना आपण पण हसायचो, माहीताय मला. ऐक ना. गरम पाणी खरं आहे. … जमिनीतून येतं, अगदी कढत. न्हाणीघर आहे, दारात बाई टॉवेल घेऊन बसलीय. मी हात घालून पाहिला. डोक्यावर विमानांची पोटं दिसतात, ते पण खरं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई मानसुद्धा वर करत नाही.

… हा आवाज? सोनिदो चाललाय, पपा सांगायचे तो गल्लीतला नाच. अख्खी गल्ली अडवलीय, घराएवढे स्पीकर, आणि कुम्बियावर माणसं… हो, हो… अगं ऐक ना. मला नीट दिसावं म्हणून रिंगणाच्या मधोमध जाऊन उभी राहिले. इथे मध्ये उभं राहिलं म्हणजे नाचायला आलात, असा अर्थ. पाठीवर बॅग, हातात निळ्या मक्याचा तलाकोयो, आणि एका आजोबांनी धरून गरागरा फिरवलं मला. घेवड्याचं सारण सगळं ब्लाउजवर. … हस, हस.

आणि सलामाचं पण खरं आहे. गाणं चालू असताना माइकवरचा माणूस सलाम सांगतो, अमक्याकडून तमक्याला. लोक फोनवर मोठ्या अक्षरात नावं लिहून हात वर करून उभे. … विचारलं की. माइकवर तोरीबियो म्हणून एकजण आहेत, पपांच्याच वयाचे. पपांचं नाव सांगितलं, फिदेन्सियो, तर म्हणाले, या नावाचा कोणी नव्हता. … हो, मलाही तसंच वाटलं. घे, म्हटलं, दाजी जिंकले.

पण पुढे म्हणाले, 'नावं कोण लक्षात ठेवतं, पोरी. आवाज ऐकव.' … म्हणून केला तुला फोन. पपांच्या कानाला लाव. … नाही बोलले तर नाही. तू लाव तर खरी.

पपा? मी मिर्ना. काही बोलू नका, नुसतं ऐका… ऐकू येतंय? पेन्योन आहे… ही गल्ली ओळखता? … बरं. फोन माइकला लावतेय. बोलायचं असेल तर बोला. नाहीतर राहू द्या.

…

…

हॅलो? ताई… तिथे ऐकलंस ना तू? इथे अख्ख्या गल्लीने ऐकलं. … अगं, काय आवाज आहे तो. घरी मीठ मागतात तो नव्हेच. नाचणारे थांबले. तोरीबियोंनी टोपी काढली नि म्हणाले, 'तबास्को. हा तर आपला तबास्को.' … इथे फिदेन्सियो कोणी म्हणतच नव्हतं त्यांना. तबास्कोहून आलेला, म्हणून तबास्को. तोरीबियोंच्या आधी हा माइक पपांच्या हातात होता. … उचलायचे की, स्पीकर पण उचलायचे. सगळेच उचलायचे म्हणे.

दाजी तिथेच आहेत का? … मग त्यांचा सलाम त्यांनी ऐकलाच असेल. नाही, मीच सांगते, इथे कसा घुमला ते. 'पेन्योनच्या मंडळींना तबास्कोचा सलाम. आणि एक सलाम माझे जावई नझारियो यांना, ज्यांना माहीत काही नसतं, पण बोलतात फार.' गल्ली हसून लोळतेय, ताई.

… निघते, निघते. चालत जाते, विमानतळ त्या कुंपणापलीकडेच तर आहे. … काय? पपा काय मागतायत? … पांढरे बूट? … नाचाचे? … अगं मग काढ ना कपाटातून. … पॉलिश? तू नको करूस. दाजींना बसव.

ठेवते.