लाल चतुरांचं पाकीट

– नाही, नाही, पाकीट घ्या ना, मी कुठं नको म्हणते? हरणाचं कातडं आहे, नव्या भाताच्या पेंढ्याच्या धुरावर धरलेलं, म्हणून हा पिकल्या पानाचा रंग – आणि वर लाखेचे लाल चतुर. शरदात आम्ही चतुरच काढतो. हा किडा मागं उडत नाही म्हणे, म्हणून सामुराई चिलखतावर मिरवायचे. त्यांनी मिरवायचं, आणि कातडं कमावणाऱ्या आमचा तेवढा विटाळ! – पण साहेब, पाकीट घेणारा माणूस आधी उघडून बघतो, वास घेतो. तुम्ही विचारता काय, तर माझं माहेर नदीच्या कुठल्या काठाचं, आमच्या पूर्वजांची थडगी कुठल्या देवळाच्या आवारात. आणि चहा? निवून गेला, ओठाला लावला नाहीत. कळलं मला. चौकशीवाले तुम्ही! लग्नाआधी मुलीचं मूळ हुंगत फिरणारे!

बसा. बसा म्हटलं ना! ही रांपी बघितलीत? कातड्यावरचे केस खरवडायची. माझ्या बहिणीच्या, फुसाएच्या लग्नानंतर असाच एकजण आला, गोड बोलून पट्टा घेऊन गेला. आठवड्यात सासरी कळलं – चामडेवाल्यांची पोर! सासऱ्यानं केस धरून अंगणात ओढली, दिरानं पोटात लाथा घातल्या – पोटुशी होती हो! – आणि नवरा? दारात उभा, जोडे सरळ करत. बाळ गेलं, मग ती गेली. पोलीस म्हणाले, घरगुती भांडण. पेपरात एक ओळ नाही. आता असल्या चौकश्यांविरुद्ध कायदा आहे म्हणे. मग तुम्ही कसे आलात?

हात काढा खिशातून. ठेवा फळीवर, बोटं पसरून. घाम आला? येऊ दे. आता ऐका आणि ज्यांनी धाडलं त्यांना सांगा – मला मुलगीबिलगी नाही. मूलच झालं नाही. आणि चिझुरूच्या वाटेला गेलात तर मनगटापासून हात उतरवीन! गाव सोडलं तिनं, आडनाव बदललं, कोबेच्या दवाखान्यात तुमच्यासारख्यांच्याच जखमा धुते – तिच्या हाताला कसला वास येतो हो? सांगा ना, कसला –

काय?

तुम्ही कुठं घेतलंत तिचं नाव? तुमच्याकडे नुसता संशय होता. मीच – मीच बोलले.

असं बघू नका. उठू नका. नाही, आता जाता यायचं नाही. हात तिथंच. दार लावून घेते – ओल्या कातड्याला वारं बाधतं.