बिब्ब्याचं लाकूड

माझं माहेर लोणी काळभोरचं, लगीन होऊन आले वाघोलीत, नगर रोडच्या कडेच्या वखारीत. सासरे वखारवाले, त्यांनीच मला लाकूड वळखायला शिकवलं. बाभूळ सालीवरून कळती, चिंच वजनावरून, निंब नुसत्या वासावरून. पण बिब्बा लई लबाड, काय सांगू तुम्हाला. ताजा तोडलेला कुठल्याबी लाकडावानी दिसतो, चार दिसांनी कापल्या जागी काळं पाझरतं तवा कळतं. आन चुलीत गेला तर त्याच्या धुरानं माणूस उततं, डोळं मिटत्यात, अंगाला फोड येत्यात. सासरे म्हणायचे, पोरी, ओलं लाकूड आठ दिस येगळं ठेव, वाळल्या ढिगाला लावू नगं.

पण येगळं ठेवायला जागा तर पायजे ना. कंप्यूटरच्या कंपन्या आल्या, रस्ता रुंद झाला, निम्मी वखार त्यात गेली. सासरेबी तवा राहिले नव्हते. कंपन्यांसाठी डोंगर साफ करायचे, तिकडचं ओलं लाकूड ट्रकनं यायचं. एकदा असाच ट्रक आला, मागं गाड्या हॉर्न वाजवत्यात, म्या म्हनलं टाका ढिगावरच, बघू मग. तिथं चुकले.

त्याच आठवड्यात थोरली लेक बाळंत व्हऊन घरी आली. मुलगी झालेली. एक दिस सकाळी म्या ढिगातनं कवळाभर लाकडं आणली, पाण्याला चूल पेटवली, लेक शेजारी मोरीत बाळाला घेऊन बसली. आणखी आणायला गेले तर खालच्या ओंडक्यावर काळं, डांबरावानी. पळत आले, घर धुरानं भरलेलं, न्हाणीचं पाणी तसंच चुलीत वतलं. लेक म्हनली आई, खुळी झालीस का. म्या म्हनलं लाकूड ओलं हाय, धूर लई होतोय. जळकी लाकडं उकरून पाह्यली, त्यात बिब्बा व्हता का न्हाई, काय कळंना.

तीन दिस म्या त्या बाळाच्या पापण्या बघत बसले. दुसऱ्या दिशी गालावर लाल दिसलं. लेक म्हनली डास चावला असंल. म्या हू म्हनलं आन खोबरेल लावत राह्यले. डासच निघाला. देवानं राखलं.

आता वखार न्हाई. तीच नात त्याच कंपन्यांतल्या एकीत नोकरीला जाती. घरी आली की म्या तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडात बघते, तिला वाटतं आजीची माया. लेकीला अजून सांगितलेलं न्हाई, भ्याव वाटतं. तुम्ही हे लिहून घेताय, छापलं की लेक वाचंल. वाचू द्या. माझ्या तोंडानं न्हाई व्हायचं ते.