बेचाळीस क्रमांकाचा दिवा

वहिनी: पावती राहू द्या, भावजी. सेट परत करायलाच आलेय मी, पळवून नेत नाही. आधी एवढं सांगा, रोज दुपारी साडेतीनला याच्यावर हाक कोण मारतं?

मास्तर: हाक? वहिनी, हा वायरलेस सेट तुमच्या यजमानांच्या कपड्यांबरोबर घरी गेला, त्याला सात महिने झाले. बेचाळीस हा क्रमांक आता कोणाचाच नाही. त्याला हाक मारील कोण?

वहिनी: तेच विचारतेय. दोनदा वाजतो, दिवा लुकलुकतो, मग गप्प. पहिल्यांदा वाजला तेव्हा पोरगी धावत आली. म्हणाली, बाबांना कामावर बोलावताहेत.

मास्तर: अशक्य. इतके दिवस बॅटरी टिकतच नाही.

वहिनी: मी रोज सकाळी चार्जिंगला लावते.

मास्तर: तुम्ही? कशासाठी?

वहिनी: हाक यावी आणि सेट बंद असावा, हे त्यांना खपायचं नाही. याहून सबळ कारण माझ्यापाशी नाही.

मास्तर: एखादा भरकटलेला संकेत असेल. हवेत असे पुष्कळ असतात.

वहिनी: भरकटलेला, आणि घड्याळ लावून? बरं. साडेतीनला पाचच मिनिटं आहेत. मी बसते इथे.

मास्तर: नियंत्रण कक्षात बाहेरच्या माणसाला बसता येत नाही.

वहिनी: बाहेरची? वीस वर्षं माझ्या हातचा डबा नवऱ्याबरोबर वाटून खाल्लात, तेव्हा मी बाहेरची नव्हते ती!

मास्तर: बसा. पाणी देऊ?

वहिनी: पाणीपुरवठ्याची माणसं तुम्ही. दुसरं काय द्याल?

(भिंतीवरचे घड्याळ साडेतीन दाखवते. टेबलावरचा सेट वाजत नाही.)

वहिनी: आज नाही वाजला.

मास्तर: पाहिलंत? मी म्हणालोच होतो.

वहिनी: रविवारीही वाजत नाही. मागच्या महिन्यात सलग आठ दिवस वाजला नाही, तेव्हा तुम्ही तापाने पडला होतात. तुमच्या मंडळींनीच सांगितलं मला. भावजी, बटणांवरचा हात मांडीवर का घेतलात?

मास्तर: मीच मारतो ती हाक.

वहिनी: का?

मास्तर: दिवा लागू नये म्हणून.

वहिनी: हे म्हणायचे, मास्तर वायरलेसवरसुद्धा आमचं व्याकरण तपासतात. आणि आज तुम्हीच अर्धं वाक्य बोलताय?

मास्तर: मग क्रमाने सांगतो. मध्येच थांबवू नका, पुन्हा सुरुवात करण्याचं धैर्य मला होणार नाही. पूर्वी आमचे सगळे सेट एकाच वाहिनीवर असत. एकाला बोलावलं की चाळीस जण ऐकत.

वहिनी: माहीत आहे. येताना साखर आणा म्हटलेलंही साऱ्या गावाने ऐकलं होतं.

मास्तर: मग नवी पद्धत आली. प्रत्येक सेटला स्वतःचा क्रमांक. मी बेचाळीस दाबला की फक्त बेचाळीसच वाजतो, बाकीचे मुके. आणि हाक पोहोचली की तो सेट आपण होऊन इकडे पोच पाठवतो. माझ्यासमोर हिरवा दिवा लागतो.

वहिनी: आपण होऊन म्हणजे? बटण न दाबता?

मास्तर: बटण न दाबता. जवळ माणूस नसला तरीही. म्हणून नियम असा की, दिवा लागल्यावर तोंडाने बोलावं आणि माणसाचा आवाज ऐकावा. तीन मिनिटांत आवाज आला नाही, तर जवळची गाडी पाठवावी. हा नियम मीच लिहिला होता, वहिनी. दोन महिन्यांत मीच मोडला. दिवा लागला की माणूस आहे, असं आम्ही सगळेच धरून चालू लागलो.

वहिनी: आणि त्या दिवशी?

मास्तर: तीन वाजता ते मला सांगून झडपेच्या खड्ड्यात उतरले. खाली संकेत मिळत नाही, म्हणून सेट नेहमीप्रमाणे वर झाकणापाशी ठेवला. साडेतीनला वर यायचे, मी विचारायचं, असं ठरलं होतं. मी क्रमांक दाबला. दिवा लागला. मी वहीत लिहिलं, ‘उत्तर मिळाले.’ आणि दुसऱ्या कामाला लागलो.

वहिनी: हे खाली होते.

मास्तर: खाली होते. विषारी हवेत. सव्वापाचला शोधायला माणूस गेला.

वहिनी: साडेतीनला पाठवला असता, तर वाचले असते?

मास्तर: कोणीच सांगू शकत नाही. ‘नाही’ असं कोणी सांगितलं असतं, तर मी झोपू शकलो असतो.

वहिनी: पण चौकशीवाले म्हणाले, साडेतीनला ते वर आले होते. वायरलेसवर बोलले होते. मग कोणाला न कळवता पुन्हा उतरले, त्यांचाच निष्काळजीपणा.

मास्तर: ते माझ्या त्या दोन शब्दांवरून ठरलं. मी समोर बसलो होतो. मी काही बोललो नाही.

वहिनी: पोरीला शाळेत ऐकवलं कोणीतरी, तुझा बाप नियम मोडून मेला. ती मला विचारते, बाबा पुन्हा का उतरले? सात महिने मी कारणं शोधतेय, भावजी. हातोडी विसरली असेल, चावी पडली असेल.

मास्तर: ते पुन्हा उतरले नाहीत. ते वर आलेच नव्हते.

वहिनी: आणि रोज दुपारी तुम्ही त्यांना बोलावत होतात.

मास्तर: एक दिवस दिवा लागणार नाही, मग माझी सुटका होईल, असं वाटायचं. पण रोज लागायचा. जणू ते म्हणत होते, मास्तर, यावरच विसंबलात ना? घ्या, आजही घ्या.

वहिनी: ते काही म्हणत नव्हते. मी चार्जिंगला लावत होते.

मास्तर: होय. हे आज कळलं.

वहिनी: ती वही कुठे आहे?

मास्तर: इथेच आहे. पण मागच्या तारखेने त्यात काही लिहिता येत नाही. आजच्या तारखेने दुरुस्ती लिहून खाली सही करता येते. ती वरिष्ठांकडे जाईल. त्यानंतर मी या खुर्चीत नसेन.

वहिनी: मी विचारलं का ते?

मास्तर: नाही. लिहितो.

वहिनी: मोठ्याने वाचा. पोरीला शब्दन् शब्द सांगायचाय.

मास्तर: ‘त्या दिवशी, दुपारी साडेतीन. क्रमांक बेचाळीस. दिवा लागला. माणसाने उत्तर दिले नव्हते. मी तोंडाने हाक मारली नाही.’

वहिनी: सेट चालू आहे, भावजी. मारा.