वाचक मोर्चाला गेले तेव्हा

बसच्या रांगेत पुढे वाचनालयातल्या दोघी होत्या, ग्रंथपालबाई आणि त्यांची मदतनीस. मागे उभ्या शिंपीणकाकूंनी कान टवकारले, बस चुकली तरी बेहत्तर!

“अगं, अनुदान वाचवायला झाडून सगळे वाचक मोर्चाला नेलेस, आणि अनुदान ठरवणारे साहेब नेमके तेव्हाच वाचनालयात कितीजण येतात ते बघायला हजर!”

“मला काय स्वप्न पडलं होतं, ताई?”

“आत चिटपाखरू नाही. म्हटलं, लागलं आता कुलूप.”

“मग हो?”

“धावत गेले, तर साहेब खिडकीपाशी कादंबरीत बुडालेले. हाक मारली, तर मलाच म्हणाले, ‘श्श!’”

“अगंबाई! आणि अनुदान?”

“मिळणारच.”

“कशावरून?”

“साहेबांच्या हातात कादंबरीचा पहिला खंड होता. त्यांना म्हटलं, पुढचे दोन खंड अनुदान आल्यावर विकत घेऊ.”