दाराजवळची जागा व्याह्याला

गाव करमाड, लिहा ताई. जालना रोडवरचं. शेती होती, आजून हाय थोडी, धाकला भाऊ बघतो, आन्‌ मी आयटीआय करून वाळूजला लागलो तो फिटर म्हणूनच रिटायर झालो, चौतीस वर्सं एकाच कारखान्यात. मी रागीट माणूस हाय, ते बी लिहा. माझा बाप रागीट, आजा तर बैलाशी भांडायचा, बैल ऐकत नाय म्हणून दोन दोन दिवस त्याच्याशी बोलायचा नाय. आमच्या घरात कुणी गोड बोलाया लागलं की बाकीचे विचारायचे, बरं वाटत नाय का तुला?

पुंडलिकनगरला घर बांधलं तव्हाच खाली एक खोली काढून ठेवली, दहा बाय चौदा. सगळे म्हणले भाड्यानं दे, दुकान निघंल. म्हणलं नाय, जिंदगीभर मालकाच्या मशिनीवर काम केलं, आता माझ्या मशिनीवर करीन. ड्रिल घेतलं, ग्राइंडर घेतला, वेल्डिंगचं मशीन घेतलं, लोखंडी टेबल स्वतः बनवलं. भिंतीला प्लायवूडचा फळा मारला, त्याच्यावर नट खोलायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, आन्‌ प्रत्येकाच्या मागं त्याच्याच आकाराचं काळं चित्र काढलेलं, म्हणजे पाना उचलला की चित्र दिसतं, हरवला तर लगेच कळतं. एक जरी जागेवर नसला तर मला जेवण जायचं नाय. आमची मंडळी म्हणायची, एवढं देवघर आवरलं असतं तर देव पावला असता. ती गेली, सहा वर्सं झाली. जाऊ द्या.

आता ह्या माणसाचं सांगतो. कुलकर्णी. माझा व्याही. माझ्या पोरानं, संतोषनं, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, मधुरा तिचं नाव, तिचा हा बाप. आजोबा-पणजोबा भिक्षुकी करायचे, हा सरकारी हापिसात क्लार्क होता, बायको आधीच गेलेली. त्याला हार्टचं झालं, मधुरा म्हणली बाबा एकटे कसे राहतील, आन्‌ मी व्हय म्हणलो. नाय कसं म्हणायचं, सांगा तुम्ही. आला तो दोन ट्रंका घेऊन. मला वाटलं पोथ्या असतील. उघडल्या तर रंधे, पटाश्या, करवती! क्लार्कला सुतारकामाचा नाद! चाळीस वर्सं फायली खरडून घरी येऊन हा माणूस लाकूड रंधायचा.

काय सांगू तुम्हाला, मला तो पहिल्या दिवसापासून आवडला नाय. त्याचं कारण काय, तर तो कधी चिडतच नव्हता. मला पाटील म्हणायचा. मी पाटील नाय, आमच्या घराण्यात कुणी नव्हता, पण अहो पाटील, या पाटील, बसा पाटील. आन्‌ पूर्वीचे लोक लेकीच्या घरचं पाणी पीत नव्हते, नातवंड होईपर्यंत. त्याला नात झाली होती, आमची चिऊ, तीन वर्साची, म्हणजे ते बंधन सुटलं होतं, पण ह्याच्या मनातून ते गेलं नव्हतं. फुकट खातोय असं वाटायचं त्याला. म्हणून सकाळी पोहे खाल्ले की दुपारपर्यंत घरातलं एक काहीतरी दुरुस्त. दार घासतं का, रंधून टाकलं. खिडकी लागत नाय का, लावून टाकली. सहा महिन्यात माझंच घर मला परकं वाटाया लागलं, दार लोटायला जावं तर ते आवाजच करायचं नाय.

आन्‌ खोली तर वाटून द्यावी लागली. इथं माझी चूक झाली, आन्‌ ती अडाणीपणानं झाली नाय, मला सगळं कळत होतं, हे ध्यानात ठेवा. लोखंडाचं आन्‌ लाकडाचं काम एका खोलीत करायचं तर ग्राइंडर दाराकडं पाहिजे, ठिणग्या बाहेर अंगणात उडतात. लाकूड आत पाहिजे. कारखान्यात नवीन पोराला पहिल्या दिवशी मी हेच शिकवायचो. पण दाराकडं उजेड, दाराकडं वारा, आन्‌ आलेला माणूस व्याही. व्याह्याला आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कसं बसवायचं? लोक काय म्हणतील, मधुराला काय वाटंल. म्हणलं, अहो तुम्ही दाराजवळ घ्या, उजेडात. तो म्हणला, नको पाटील, तुमची खोली. मी म्हणलं, छे छे, मान तुमचा. असं दहा मिनिटं चाललं दोघांचं, आन्‌ शेवटी तो दाराशी बसला आन्‌ मी ग्राइंडर घेऊन आत.

मंग काय, वारा दारातून आत. त्याचा सगळा भुसा माझ्या टेबलाखाली. ग्राइंडरनं उडवलेलं माझं लोखंडाचं चूर त्याच्या सागवानी फळीवर, ओल्या लाकडाला लोखंड लागलं की काळे डाग पडतात, तो काय बोलायचा नाय, पॉलिश पेपर घेऊन घासत बसायचा तासन्‌तास, आन्‌ माझ्याकडं बघून हसायचा. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. एकदा तरी म्हण ना, ओ शिंदे, तुमचा कचरा आवरा! मी तरी म्हणलो असतो, तुमचा भुसा आवरा. पण तो म्हणंना म्हणून मी बी मूग गिळून बसलो. व्याह्याला झाडू हातात घ्या कसं म्हणायचं? आन्‌ त्याचा भुसा मी का काढू? टेबलाखाली ढीग झाला, घोट्याएवढा. मी रोज बघायचो. बघून म्हणायचो, बघू किती दिवस टिकतोय ह्याचा निगरगट्टपणा. असा मी माणूस हाय.

त्या दिवशी सकाळी अकराची वेळ. गेटची बिजागरी तुटली होती, ती घासत होतो ग्राइंडरवर. ठिणग्या खाली पडत होत्या. हा वाचनालयात निघाला होता, पिशवी घ्यायला दारात आला, थांबला. त्यानं ठिणग्यांकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं. तोंड उघडलं त्यानं. मी ग्राइंडर बंद करून त्याच्याकडं बघितलं, असं रोखून. तर म्हणतो, चालू द्या, चालू द्या. आन्‌ गेला.

भुश्यात ठिणगी पडली तर लगेच पेटत नाय, ताई. आत जाऊन बसते, धुमसत राहते. मला हे ठाऊक होतं. मी बिजागरी लावली, जेवलो, समोरच्या खोलीत आडवा झालो. साडेतीनला मधुराची किंकाळी आली. खालचा धूर जिन्यातून वर, आन्‌ वर चिऊ झोपलेली. संतोषनं तिला चादरीत गुंडाळून आणलं. पोरगी खोकली, रडली, तिला काय झालं नाय, देवाची कृपा. खोली मात्र गेली. त्याची लाकडं, रंध्यांचे दांडे, सगळं. माझं लोखंड काळं पडलं, एवढंच.

तो वाचनालयातून आला तर मधुरा त्याच्यावर तुटून पडली. बाबा, किती वेळा सांगितलं तो भुसा भरत जा, माझी पोर गेली असती आज. संतोष बी बोलला, नको ते बोलला. मी तिथंच होतो, चार पावलांवर. मला वाटलं आता हा सांगंल, पाटील सकाळी ग्राइंडर चालवत होते. मी वाट बघत होतो, खरंच सांगतो, म्हणलं सांग, मंग होऊ दे भांडण एकदाचं. त्यानं माझ्याकडं बघितलं आन्‌ म्हणला, चुकलं बाळ माझं. बस. मी काय बोललो? काय नाय. पंधरा दिवसांत तो नाशिकला भाच्याकडं गेला. रिक्षात बसताना मला हात जोडले त्यानं, आन्‌ मी बी जोडले.

पाच महिने मी कुणाला सांगितलं नाय. खोली नव्यानं लावली. ग्राइंडर दाराकडं आणला, खाली पत्रा टाकला, बाजूला वाळूची बादली. आत लाकडासाठी टेबल केलं, त्याला झाकणाची पेटी जोडली भुश्याची. लोखंडाला वेगळा झाडू, लाकडाला वेगळा. मस्त झाली खोली. तिथं काम करंल कोण? माझ्या हातून एक खिळा बी ठोकवंना. शेवटी परवा सकाळी नाश्त्याला दोघांना सांगून टाकलं, ठिणगी माझी होती, आन्‌ ढीग मला दिसत होता. संतोष खाली बघत बसला. मधुरानं माझ्या पुढची प्लेट उचलली नाय, तशीच उठून गेली. तव्हापासून चहा आणून ठेवती, पण मामा म्हणून हाक मारत नाय. बरोबर हाय तिचं.

मंग मी त्याला फोन लावला. म्हणलं, या परत, तुमची जागा आत केलीय, दिवा लावलाय चांगला. म्हणतो, इथं बरं आहे पाटील, टीव्ही बघतो, भाचा चांगला आहे. मी म्हणलं, मी सांगितलं घरात, आग माझ्यामुळं लागली म्हणून. मंग म्हणतो, कशाला सांगितलंत? मी बाप आहे, माझ्यावरचा राग पोरगी विसरली असती. तुमच्यावर राग धरून तिनं त्या घरात राहायचं कसं?

हे मला सुचलंच नव्हतं, ताई. मला वाटलं होतं तो मोठेपणा मिरवतोय. माझं डोकं फिरलं. म्हणलं, अहो मला शिव्या द्या! नालायक म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा, सकाळी दारातच का नाय म्हणलात, ठिणग्या बघा म्हणून? तर म्हणतो, तुमचं काम चालू होतं, बरं दिसलं नसतं. आन्‌ प्रकृतीला जपा, पाटील, म्हणून फोन ठेवला.

माणूस मला आजबी आवडत नाय. पण देव त्याला लई आयुष्य देवो, आन्‌ मरायच्या आधी एकदा तरी मला तोंडावर शिवी द्यायची बुद्धी देवो.