सांडपाणी नाही

जबाब
दि. 19/05/2004

मी जिवनबाई भ्र. रतनसिंग राठोड, वय अंदाजे 50 वर्षे, व्यवसाय शेतमजुरी, रा. भिलदरी तांडा, पुसेगावजवळ, ता. सेनगाव, जि. हिंगोली. ठाण्यात बोलावल्यावरून हजर झाले असून मला विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी नवऱ्यासह राहते. माझी मुलगी शिला बाळंतपणासाठी माहेरी आली असून तिला मुलगी झाली. आज नववा दिवस आहे. तांड्याच्या विहिरीत टँकर दर चौथ्या दिवशी पाणी टाकतो व आम्ही ते शेंदून आणतो. आमच्या वाट्याला आठ हंडे येतात. कधी सहाच येतात.

आमच्या घरी बाजेवर बसून आंघोळ करतात व बाजेखाली घमेले ठेवतात. त्या पाण्यात कपडे निघतात आणि कपड्यांचे पाणी लिंबाच्या झाडाला जाते. भांडी राखेने घासतो, साबण लावत नाही. राख खाली बसली की वरचे निवळ पाणी म्हैस पिते. माझ्या सासूच्या काळापासून असेच चालत आले आहे, हे आम्हाला कोणी शिकवायला आले नव्हते.

एप्रिल महिन्यात स्वच्छ गावाच्या स्पर्धेसाठी पाहणी करणारे लोक आले. त्यांच्यातील कारकून भारत पुंजाजी ढोणे हे रजिस्टर भरत होते. त्यांनी मला सांडपाण्याचे काय करता, असे विचारले. मी म्हणाले, "आमच्याकडं सांडपाणी न्हाई. आमी पाणी सांडतच न्हाई." ते हसले व त्यांनी रकान्यात 'नाही' असे लिहिले. त्याचा अर्थ सोय नाही असा धरून आमच्या घराला शून्य गुण पडले, हे मला नंतर समजले. मग त्याच लोकांनी न विचारता आमच्या दारात दगड-वाळू भरून सांडपाणी जिरवायचा शोषखड्डा केला. त्यात टाकायला आमच्याकडे पाणी नव्हते. खड्डा कोरडाच राहिला आणि त्यात कोंबड्या बसू लागल्या.

काल दि. 18/05/2004 रोजी सकाळी अकराच्या सुमारास मी गोवऱ्या आणायला गेले होते. नवरा कामावर गेला होता. घरी शिला व तिचे लेकरू होते. दाराशी निळ्या पिंपात आदल्या दिवशीच्या टँकरचे पाणी होते. ते बाळंतिणीच्या व लेकराच्या आंघोळीसाठी वर फडके बांधून ठेवले होते. त्याला आम्ही घरचे कोणी हात लावत नव्हतो.

शिला हिने मला सांगितले की, जीपमधून पाहणीचे साहेब व ढोणे आले. त्यांना खड्डा चालू असल्याचा फोटो पाहिजे होता. ढोणे यांनी फडके सोडून पिंपातील पाणी बादलीने खड्ड्यात ओतले. लेकराचे पाणी आहे, असे शिला आतून दोनदा म्हणाली. ती बाळंतीण असल्याने बाहेर आली नाही. ढोणे यांनी थोडेच लागते असे सांगितले. पहिल्या फोटोत साहेबांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा बादल्या ओतल्या. त्यानंतर साहेब जीपमध्ये जाऊन बसले.

मी आले तेव्हा पिंपाच्या तळाला तांब्या-दोन तांबे पाणी होते. ढोणे हे त्यातलेच पाणी घेऊन गुटख्याची चूळ भरत होते. चूळ त्यांनी खड्ड्यात थुंकली. मला शिसारी आली. मी त्यांना म्हणाले, "पोरीचं पाणी काहून सांडलं?" त्यावर ते म्हणाले, "सांडलं न्हाई बाई, जिरवलं. कागदावर तुमचंच भलं हाय."

दाराशी म्हशीसाठी निवळत ठेवलेले घमेले होते. ते मी उचलून ढोणे यांच्या अंगावर रिकामे केले. त्यांचा शर्ट व रजिस्टर भिजले हे खरे आहे. मी शिवी दिली नाही. हात लावला नाही. हात लावावा असे मला वाटलेही नाही, इतका त्यांचा वीट आला होता. सरकारी कामात अडथळा आणला असे त्यांचे म्हणणे आहे. काम कोणते होते ते मला अजून कळलेले नाही.

पुढचा टँकर शुक्रवारी आहे. काल रात्री लेकराला ओल्या फडक्याने पुसून घेतले. म्हैस तहानलेली राहिली. तेवढ्यापुरती माझी चूक मी मान्य करते. म्हशीचे पाणी मी त्या माणसावर घालवायला नको होते.

लिहिलेले मला हवालदार साहेबांनी वाचून दाखवले. त्यात 'सांडपाणी अंगावर फेकले' असे होते. ते मला मान्य नसल्याने 'सांडपाणी' खोडून 'म्हशीचे पिण्याचे पाणी' असे करून घेतले. बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे. खाली डाव्या हाताचा अंगठा दिला आहे. अंगठ्याची शाई धुण्यासाठी मला तांब्याभर पाणी दिले. शाई मी पदराला पुसली असून, पाणी विचारून घरी नेत आहे.